उतारवयातील ओतकाम : हौस आणि हिशेब

डोंबिवली पूर्वेचा मानपाडा रस्ता औद्योगिक वसाहतीला लागून पुढे कल्याण-शीळ मार्गाला मिळतो. या परिसरातील अनेक घरांत लेथवर, साचेकामावर किंवा भट्टीवर उभे आयुष्य काढलेले ज्येष्ठ आहेत. निवृत्तीनंतर हात रिकामे राहिले, की मन कासावीस होते. मग कोणी पितळेची छोटी मूर्ती ओतून पाहावी म्हणतो, कोणी ॲल्युमिनियमच्या भंगारातून दाराची मूठ घडवतो, तर कोणी मासेमारीच्या गळासाठी शिशाची वजने करतो. आजकाल छोट्या विजेच्या भट्ट्याही घरपोच मिळतात. या छंदाला घरच्यांनी सरसकट नकार द्यावा, असे आम्हांस वाटत नाही. मात्र वयाचा आणि धातूचा हिशेब एकत्र मांडल्याशिवाय होकारही देऊ नये.

हात चालत राहिले तर माणूस चालत राहतो, हे याच भूमीतील एका कलावंताने दाखवून दिले आहे. गेटवे ऑफ इंडियापुढील छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९६१ साली उभा राहिला. त्याचे शिल्पकार सदाशिव तथा भाऊ साठे मूळचे कल्याणचे. १९२६ साली जन्मलेल्या भाऊंना पंचाण्णव वर्षांचे आयुष्य लाभले. त्यांची शिल्पे डोंबिवलीच्या शिल्पालयात पाहावयास मिळतात. शिल्पकलेचा एक नियम येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. शिल्प घडते ते मातीत किंवा मेणात. धातूचा रस हे त्यानंतरचे आणि वेगळ्या जागेचे काम. हा नियम पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

प्रथम धुराविषयी. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. तो साधारण ९०० ते ९४० अंश सेल्सिअसला वितळतो, आणि जस्ताचा उत्कलनबिंदू आहे ९०७ अंश. म्हणजे पितळ पातळ होते त्याच सुमारास त्यातील जस्त वाफ होऊन उडू लागते व हवेत त्याचा पांढरा धूर होतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा तापवला तरी हेच घडते. हा धूर श्वासात गेल्यावर चार ते दहा तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते, खोकला होतो, तोंडाला धातूची चव येते. बहुधा एक-दोन दिवसांत हे सारे ओसरते. म्हणूनच त्याला फ्लू किंवा मलेरिया समजण्याची चूक सहज होते. कारखान्यांत याला ‘सोमवारचा ताप’ असेही म्हटले जाई; कारण रोजच्या संपर्काने शरीराला आलेली तात्पुरती सवय सुटीच्या दिवसांत मोडते आणि कामावर परतताच ताप उसळतो. केवळ रविवारी भट्टी पेटवणाऱ्याची ही सवय कधीच टिकत नाही. त्याच्यासाठी प्रत्येक रविवार हा सोमवारच. दमा, जुनाट श्वासविकार किंवा हृदयरोग असलेल्या ज्येष्ठांना असा एक तापही महागात पडू शकतो. दूध पिऊन किंवा गूळ खाऊन हा धूर ‘उतरतो’ ही समजूत निराधार आहे. तो फुप्फुसांत जातो, पोटात नव्हे. नाकावर बांधलेला रुमालही तो अडवू शकत नाही.

शिशाचा धोका याहून मूक आहे. शिसे ३२७ अंशांनाच वितळते, म्हणून ते सोपे वाटते आणि स्वयंपाकाच्या शेगडीवरही वितळवले जाते. परंतु शिशाचे प्रमाण अमुक इतके असले तरी चालेल, अशी सुरक्षित मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेली नाही. शरीरात गेलेले शिसे हाडांत साठते आणि दशकानुदशके तेथे राहते. उतारवयात हाडे झिजू लागली की ते पुन्हा रक्तात उतरते. बद्धकोष्ठता, पोटदुखी, रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब, चिडचिड, विसराळूपणा ही त्याची लक्षणे. यांतील प्रत्येक लक्षण ‘वयोमानाने होते’ म्हणून सोडून देण्याजोगे दिसते, हीच खरी अडचण. शिवाय आजोबांच्या कपड्यांवरील भुकटी नातवंडांपर्यंत पोहोचते, आणि लहान मुले पोटात गेलेले शिसे प्रौढांच्या चार-पाचपट शोषून घेतात. म्हणून घरात शिसे वितळवणे पूर्णपणे वर्ज्य मानावे. पूर्वी वितळवले असल्यास डॉक्टरांना तसे सांगून रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी. जुन्या बॅटऱ्यांच्या भंगाराला तर हातच लावू नये.

तिसरा शत्रू पाणी. पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सुमारे सतराशे पट होते. साच्यात, भंगारात किंवा सिमेंटच्या जमिनीत थोडी जरी ओल असली, तरी तप्त रस उसळून अंगावर येतो. आपल्या भागातील पावसाळ्यात कोणताही साचा पुरता कोरडा आहे, असे गृहीत धरता येत नाही.

याशिवाय प्रकृतीचेही पाहावे. मधुमेहामुळे पावलांची संवेदना कमी झाली असेल, तर भाजलेले उशिरा कळते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना भट्टीजवळ भोवळ येऊ शकते. पेसमेकर असलेल्यांनी इंडक्शन भट्टीपासून दूरच राहावे. घरात कोणाला ऑक्सिजन चालू असेल, तर तेथे ज्योत किंवा भट्टी नकोच. बंद गॅलरीत कोळशाची भट्टी पेटवल्यास गंधहीन असा विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू साचतो. थोडक्यात, सदनिका ही भट्टीची जागा नव्हे.

मग हौसेचे काय? आरंभी सांगितलेला नियम आता कामी येतो : घडवणे घरी, ओतणे बाहेर. मेणाची आकृती करून तीवर मातीचा लेप द्यायचा, मेण वितळवून काढायचे आणि पोकळीत धातू ओतायचा, ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात तिचे वर्णन आहे. यातील मेणकाम ज्येष्ठांच्या हातांना उत्तम. बोटांना व्यायाम होतो, नजर एकाग्र होते आणि नातवंडेही शेजारी बसू शकतात. तयार आकृती ओतकाम करणाऱ्या अनुभवी कारागिराकडे न्यावी आणि ओतताना लांबून पाहावे. तेवढ्यानेही समाधान होत नसेल, तर प्लास्टर ऑफ पॅरिसचे साचेकाम घरी करता येते. मात्र त्याची भुकटी श्वासात जाऊ देऊ नये आणि प्लास्टर घट्ट होताना तापते, म्हणून त्यात हात बुडवून ठेवू नये.

कधी भाजलेच, तर तो भाग वाहत्या साध्या पाण्याखाली किमान २० मिनिटे धरावा. सूज येण्यापूर्वी अंगठी, बांगडी काढावी. त्वचेला चिकटलेला धातू ओढून काढू नये. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद यांपैकी काहीही लावू नये आणि त्वरित रुग्णालय गाठावे.

काळजीवाहकांना एक विनंती. ‘या वयात हे कशाला?’ हा प्रश्न विचारण्याआधी मेणाचा एक गोळा आणून द्यावा. आणि घरातील ज्येष्ठांना अचानक ताप आला, तर डॉक्टरांना औषधांच्या यादीबरोबर त्यांच्या छंदाविषयीही आवर्जून सांगावे.