बत्ती गेली, पण दिवा जाऊ नये

झाशीत राहणाऱ्या कुणाला इलाइट चौराहा कुठे ते सांगावं लागत नाही. इलाइट टॉकीजवरून पडलेलं हे नाव. एकेकाळी थिएटरांत प्रोजेक्टरमध्ये कार्बनच्या दोन कांड्या जाळून उजेड पाडत. कांड्या झिजतील तशा ऑपरेटर त्या जवळ सरकवत राही. म्हणजे दिव्याची काळजी घ्यायला एक माणूसच असायचा. तुमच्या घरच्या प्रोजेक्टरला किंवा जुन्या प्रोजेक्शन टीव्हीला असा माणूस नाही, ते काम तुमचंच. (एलईडी किंवा लेझरचा प्रोजेक्टर असेल तर जाळी तेवढी साफ ठेवा, बाकीचं सोडून द्या.)

या दिव्यात क्वार्ट्झच्या बोटभर नळीत पाऱ्याची वाफ असते. पेटल्यावर तिचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे २०० पट होतो आणि नळी प्रचंड तापते. म्हणून बटण बंद केल्यावरही पंखा मिनिट-दोन मिनिटं फिरत राहतो. सिनेमा संपला की आपण उठतो आणि भिंतीवरचा स्विच खटकन बंद करतो! पंखा थांबतो, सगळी उष्णता आत कोंडते. रोज असं केलंत तर चांगला दिवा वेळेआधी जाईल.

आपल्याकडे हेच काम वीजही करते. बत्ती गेली की पंखाही गेला. इन्व्हर्टरवर भरवसा ठेवणार असाल तर त्याचं मागचं बटण ‘यूपीएस’वर आहे का बघा. साध्या मोडवर वीज बदलायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात प्रोजेक्टर बंद पडतो. त्यापेक्षा एक छोटा यूपीएस वेगळा लावा. त्यावर अख्खा सिनेमा बघायचा नाही, दिवा नीट बंद करून पंखा थांबेपर्यंतच त्याचं काम. वीज परत आली आणि दिवा पेटला नाही, तर सारखं बटण दाबू नका. गरम नळीत दाब जास्त असल्याने ठिणगी पडत नाही. दहा मिनिटं थांबा.

मुलं मध्येच जेवायला उठली तरी दिवा बंद करू नका. प्रत्येक वेळी पेटताना आतली टोकं थोडी झिजतात. अर्ध्या तासात परत बसणार असाल तर चित्र झाकण्याचं बटण पुरे.

मे महिन्यात झाशीची लू आणि धूळ काय असते ते तुम्हाला माहीत आहे. हवेची जाळी तुंबली की दिवा भाजून निघतो, त्यामुळे उन्हाळ्यात ती दर पंधरवड्याला ब्रशने झाडा. मागे-बाजूला वीतभर जागा सोडा. कूलरचा ओला झोत थेट अंगावर नको. रात्री खोली अंधारी असतेच, मग इको मोड लावा. उजेड जरा कमी होतो, पण दिवा बरेच तास जास्त चालतो.

तास भरले की मात्र लोभ नको. जुना दिवा फुटू शकतो. फुटलाच तर आत पारा असतो, खिडक्या उघडा आणि मुलांना बाहेर काढा. प्रोजेक्शन टीव्ही बनवणं शेवटच्या कंपनीनेही २०१२ मध्ये सोडलं, त्यामुळे त्याचा दिवा शोधावाच लागतो. मिळाला की काचेला बोट लावू नका. बोटाचा तेलकट डाग तिथेच तापतो आणि काच तडकते.