वालाची वकिली

रेवदंड्यास आत्याकडे गेलो की पानात वालाचे बिरडे ठरलेले. यंदा नव्हते! आतेभावाला मलेरियावर प्रायमाक्विन दिले, आणि तिसऱ्या दिवशी लघवी काळसर, डोळे पिवळे. आता बरा आहे. पण आत्याने खापर वालावर फोडले. मी मराठीचा मास्तर, तरी वकीलपत्र घेतले. तांबड्या पेशींतले जी-सिक्स-पीडी हे विकर काहींत उपजतच कमी असते, हे १९५६ साली शिकागोत उलगडले. नायसिन जीवनसत्त्वापासून बनणारे, पेशीला जपणारे सहविकर मग पुरेसे सज्ज होत नाही. अशा औषधाने पेशी फुटतात. भूमध्य समुद्राकाठच्या बाकल्यानेही फुटतात; आपला वाल निराळा. आधी रक्त तपासायला हवे होते.

आत्याने वाल भिजत घातले. मुलाला हा दोष आईकडून येतो, हे मात्र मी बोललो नाही.