मुके नव्हेत, मुके ठरवलेले

ऐकू न येणाऱ्याला आपण सरसकट ‘मुका-बहिरा’ म्हणतो. बहुतेक कर्णबधिरांचा आवाज शाबूत असतो. लहानपणी कानावर शब्दच पडले नाहीत म्हणून बोलणं येत नाही, आणि आपण त्याला ‘मंद’ ठरवून मोकळे!

हे ठरवणं जुनं आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायातला २०१ वा श्लोक जन्मतः आंधळ्या-बहिऱ्यांना आणि मुक्यांना वारसा हक्कातून बाद करतो. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जे जाळलं, त्यात हेही होतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम २८ नुसार व्यंगामुळे वाटा नाकारता येत नाही. (हा कायदा बौद्ध कुटुंबांनाही लागू आहे.) मग मुळशीत गुंठ्याला भाव आल्यावर कर्णबधिर बहिणीसमोर हक्कसोडपत्र ठेवतात, तेव्हा त्यात काय लिहिलंय हे तिला तिच्या भाषेत कोण सांगतं?

‘मशीन लावलं की ऐकू येतं’ म्हणणाऱ्यांनो, मशीन आवाज मोठा करतं. शब्द स्पष्ट होतीलच असं नाही. ओठ वाचायचे म्हणाल, तर ‘पाय’ आणि ‘माय’ ओठांवर सारखेच दिसतात. सांकेतिक भाषा म्हणजे हातवारे नव्हेत. तिला स्वतःचं व्याकरण आहे. १८८० च्या मिलान परिषदेत ऐकू येणाऱ्या शिक्षकांनी तिला शाळेतून हद्दपार करायचं ठरवलं. कुणाची भाषा हलकी, हे दुसऱ्यानेच ठरवायचं. ओळखीचं वाटतं ना?

आणि आपण? जयंतीला डीजेसाठी वर्गणी जमते, बाबासाहेबांवरच्या भाषणाशेजारी दुभाषा मात्र नसतो. यंदाच्या जमाखर्चात त्याचं मानधन डीजेच्या आधी लिहा.