मधूनच सुरू करा

सुपरहिरोंच्या कॉमिक्सला पहिलं पान नसतं. म्हणजे कुठंतरी असतं, पण ते तुमच्या-माझ्या हाती लागणारं नाही, आणि लागलं तरी फारसं कामाचं नाही. सुपरमॅन १९३८ पासून छापला जातोय, बॅटमन १९३९ पासून, स्पायडरमॅन १९६२ पासून. मधल्या काळात लेखक बदलले, चित्रकार बदलले, पात्रं मेली आणि परत आली. स्पायडरमॅनचं तर लागलेलं लग्नसुद्धा पुढे कथेतून पुसून टाकलं गेलं. हे सगळं क्रमाने वाचू आणि मग आजच्या अंकाकडे येऊ, असं ठरवणारा माणूस वाटेतच बसणार.

तरी दरवर्षी मला हाच प्रश्न येतो. सिनेमा बघून आलेली मुलं विचारतात, "मॅडम, इसकी किताब कहाँ से शुरू करना?" परवा एका तरुण शिक्षकानेही विचारलं. त्याने नेटवरून एक लांबलचक यादी उतरवून आणली होती, कोणत्या अंकानंतर कोणता. यादी पाहूनच त्याचा उत्साह गेला होता. मी त्याला सांगितलं, जो अंक हातात येईल तो उघडा. बदनापुरात उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवताना जे वीसेक वर्षं पाहतेय, त्यावरून मी हे सांगते.

आपल्या लोकांना तर हे नवीन वाटायला नको. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने १८८३ पासून 'तिलिस्म-ए-होशरुबा' छापायला घेतलं. अमीर हमजाच्या दास्तानीचा तो एक भाग फक्त. अख्खी दास्तान ४६ जाडजूड खंडांची आहे. दिल्लीत जामा मशिदीच्या पायऱ्यांवर दास्तान ऐकायला बसणारा माणूस काही पहिल्या खंडापासून ऐकत नव्हता. तो संध्याकाळी येऊन बसला तेव्हा अमर अय्यार कुणाला तरी गंडवत होता, तिथून तो ऐकायला लागला. कोण कुणाचा मुलगा, कोणता जादूगार कुणाच्या बाजूचा, ते हळूहळू कळत गेलं. नाही कळलं तरी मजा कमी झाली नाही. अमर अय्यारची ती जंबील आठवा, अख्खी दुनिया मावेल अशी झोळी. जिने तिच्या गोष्टी आजीकडून ऐकल्या, तिला बॅटमनच्या कमरपट्ट्यातून काय काय निघतं याचं नवल वाटणार नाही.

याच अमीर हमजाची अकबर बादशहाने चित्रं काढून घेतली. १५६२ च्या सुमारास काम सुरू झालं, ते साधारण पंधरा वर्षं चाललं. कापडावरची १४०० मोठी चित्रं, आणि मजकूर चित्राच्या मागच्या बाजूला. समोरच्यांना चित्र दिसावं आणि कुणीतरी मागचा मजकूर वाचावा, अशी ती रचना होती असं मानतात. आपल्या कोकणात पिंगुळीचे चित्रकथी आजही एकेक चित्र पुढे सरकवत गोष्ट सांगतात. त्यामुळे कॉमिक्स म्हणजे अमेरिकेहून आलेलं खूळ आहे असं कुणी म्हणालं की मला हमजानामा आठवतो. आणि एखादे बुजुर्ग जेव्हा म्हणतात की तस्वीरवाली किताब मुलांच्या हातात कशाला, तेव्हा मी वाद घालत नाही. त्यांचा मान ठेवून एवढंच म्हणते, की चाचा, मोबाईलवर ते दिवसभर जे बघतात, त्यात निदान वाचावं तरी लागत नाही. इथे वाचावं लागतं.

माझं स्वतःचं वाचन असंच मधून सुरू झालं. बदनापूर म्हणजे एका अंगाला जालना, दुसऱ्या अंगाला औरंगाबाद, मध्ये रेल्वे स्टेशन आणि कृषी संशोधन केंद्राची तूर. नव्वदच्या आसपास बाजारात एक जण पन्नास पैसे रोजाने कॉमिक्स भाड्याने द्यायचा. मुली त्या दुकानावर जात नसत. दोन भाऊ आणायचे, आधी ते वाचायचे, आणि परत करायच्या आदल्या रात्री अंक माझ्या वाट्याला यायचा. दोन-तीन भागांच्या कथेचा कोणता भाग येईल याचा नेम नाही. मी बऱ्याच कथांचे शेवट आधी वाचले आहेत आणि सुरुवाती अजून वाचलेल्या नाहीत.

ती बहुतेक राज कॉमिक्स असायची, हिंदीतली. नागराज १९८६ चा, सुपर कमांडो ध्रुव १९८७ चा. नागराजची सुरुवातीची चित्रं काढणारे प्रताप मुळीक आपल्या पुण्याचे, हे मला फार उशिरा कळलं. मला ध्रुव जास्त आवडायचा. त्याच्याकडे कसलीही अद्भुत शक्ती नाही. सर्कशीत वाढलेला पोरगा, डोकं चालवतो, विज्ञानाचं थोडंफार ज्ञान वापरतो आणि सुटतो. अनुपम सिन्हांनी तो लिहिला आणि काढलाही. आजही कुणी हिंदी वाचणारं मूल 'कहाँ से शुरू करूँ' म्हणालं, तर मी ध्रुवाचं नाव घेते.

मराठी मात्र मला वेताळाने वाचायला लावली. आमचे मामू जालन्याला रद्दीचा धंदा करायचे. इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक गठ्ठ्यात आले की बाजूला काढून ठेवायचे. टाइम्स ऑफ इंडियाच्या लोकांनी मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल सुरू केलं आणि १९९० मध्ये बंद केलं, म्हणजे मामूंकडे यायचे ते तोवर जुनेच झालेले अंक. कुठे मुखपृष्ठ नाही, कुठे शेवटची दोन पानं नाहीत. घरात आम्ही दक्खनी बोलणारे. 'कवटी' हा शब्द मला कुणी फळ्यावर लिहून दिला नाही, वेताळाच्या अंगठीवरून कळला. चित्र आधी कळायचं, शब्द त्याच्या मागून यायचा.

आता मोठेपणी वेताळ पुन्हा चाळला की काही गोष्टी खटकतात. आफ्रिकेच्या जंगलात पिढ्यान् पिढ्या एक गोरा माणूस न्याय करतो आणि तिथली माणसं त्याला अमर समजतात, हे काय आहे ते आता लपत नाही. मुलांना तो देताना मी हे बोलते. इंद्रजालवाल्यांनाही काही गोष्टींची अडचण होत असावी. मूळ कथेतला देश बंगाल्ला, त्याचं नाव आपल्या बंगालशी जुळतं म्हणून त्यांनी ते डेंकाली करून टाकलं. पण १९७६ मध्ये त्याच इंद्रजालमध्ये आपला माणूस आला, बहादूर. कुर्ता-जीन्समधला, चंबळच्या डाकूंशी लढणारा, आणि स्वतः एका डाकूचा मुलगा. तो निर्माण केला आबिद सुरती यांनी. गुजराती-हिंदीत लिहिणारे, मुंबईत राहणारे. हेच आबिदभाई २००७ पासून मीरा रोडला रविवारी प्लंबर घेऊन घरोघर गेले आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून देत राहिले. जालना जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला विचारा यातला सुपरहिरो कोण.

वर्गातलं सांगते. उर्दू माध्यमाची मुलं मराठीचा धडा मोठ्याने वाचायला उभी राहिली की अर्धी हिंमत 'ळ' आणि 'ण' मध्येच जाते. एखादा शब्द अडला की मूल थांबतं, कारण त्याला असं वाटतं की प्रत्येक शब्द कळल्याशिवाय पुढे जायला परवानगी नाही. आपणच हे शिकवलेलं असतं: आधी शब्दार्थ, मग धडा. कॉमिकमध्ये असं कुणी थांबत नाही. फुग्यातला शब्द कळला नाही तर तोंड बघा, मूठ बघा, पुढच्या चौकटीत कोण पडलंय ते बघा. मूल अंदाज करतं, पुढे जातं, तीन पानांनी अंदाज चुकलेला कळतो, मागे येतं. वाचणं यालाच म्हणतात, आणि हे धड्यापेक्षा इथे लवकर जमतं. जो अर्धवट समजून पुढे जाऊ शकतो तो मधल्या अंकातूनही सुरू करू शकतो आणि परक्या भाषेतही. माझ्या मुलांना तर अर्धवट समजण्याची सवय रोजची आहे: घरी दक्खनी, वर्गात किताबी उर्दू, तहसीलमध्ये मराठी, मोबाईलवर इंग्रजी. त्यांना त्याची शरम वाटते एवढंच. कॉमिक वाचताना वाटत नाही.

एक गमतीची अडचण आमच्याच शाळांत येते. पाचवीतल्या एका मुलाला मी मराठी चित्रकथेचं पान दिलं. तो उजवीकडून वाचत गेला. त्याच्या वाचनात माणूस आधी दवाखान्यात पट्टी बांधून बसला होता, मग त्याला मार पडला, आणि शेवटी भांडण सुरू झालं. त्याला ही गोष्ट ठीकच वाटली. मी हसले, पण त्यात चूक काय? उर्दूची किताब उजवीकडूनच उघडते. तोच मुलगा पुढे आठवीत असताना कुठूनतरी 'नारुतो' घेऊन आला. जपानी मांगा उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं, आणि इंग्रजी शाळेतली त्याची दोस्त मंडळी तिथे अडखळत होती. याला कुणी काही सांगावं लागलं नाही.

मी आणखी एक करते. एका पानाची झेरॉक्स काढते, फुग्यांतला मजकूर व्हाइटनरने पुसते आणि मुलांना मराठीत संवाद भरायला देते. निबंधात चार ओळी न लिहिणारी मुलं इथे जागा पुरत नाही म्हणून तक्रार करतात. एकाने नागराजच्या तोंडी लिहिलं होतं, "मीच आलो, मीच मारतो." मी त्यांना सांगितलं की आपल्या दक्खनीत आपण 'मैंच आया' म्हणतो, तो 'च' मराठीतूनच आलेला आहे. वर्गात एकदम गलका झाला. त्यांच्या घरात मराठी आधीपासून राहत होती, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मुलींसाठी एक नाव सांगून ठेवते, कमला खान. जर्सी सिटीत राहणारी, पाकिस्तानी आईबापांची सोळा वर्षांची पोरगी, जी 'मिस मार्व्हल' होते. २०१४ मध्ये तिची मालिका सुरू झाली. लेखिका जी. विलो विल्सन, संपादिका सना अमानत, चित्रं एड्रियन अल्फोना यांची. पहिल्या पुस्तकाला २०१५ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. मार्व्हलचं आधीचं काहीही न वाचता ही पहिल्या अंकापासून वाचता येते आणि पहिली मालिका १९ अंकांत संपते, तेव्हा ज्यांना पहिलं पान हवंच आहे त्यांची सोय इथे आहे. इंग्रजी सोपं आहे. राक्षसांशी लढण्यापेक्षा रात्री घराबाहेर पडायची परवानगी मिळवणं तिला कठीण जातं, आणि हे वाचून माझ्या दहावीच्या मुली जितक्या हसल्या तितकी मी हसले नसेन. सुपरमॅन निर्माण करणारे जेरी सीगल आणि जो शुस्टर हीसुद्धा परदेशातून आलेल्या ज्यू घरांतली पोरं होती. उद्ध्वस्त ग्रहावरून आलेला, दोन नावं सांभाळणारा, बाहेर एक आणि घरात एक असा माणूस त्यांनी उगाच काढला नसावा. आमच्या मुलांना त्याची ओळख करून द्यावी लागत नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. २०२३ मध्ये 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' दहा भाषांत आला, त्यात मराठीही होती. त्यातला पवित्र प्रभाकर हा देशी स्पायडरमॅन २००४ पासून कॉमिक्समध्ये आहे, आणि त्याच्या त्या मूळ कथा मुंबईतच घडतात. म्हणजे पडद्यावर स्पायडरमॅन मराठी बोलला. पण जालन्याच्या बाजारात मी चार दुकानं फिरले, मराठीत एकही सुपरहिरो कॉमिक मिळालं नाही. उर्दूचं तर विचारलंही नाही. एका दुकानदाराने स्पर्धा परीक्षेची पुस्तकं पुढे केली. मागणी नाही, असं तो म्हणतो. मागणी सिनेमाच्या तिकीट खिडकीवर उभी असते, पुस्तकाच्या दुकानात तिला कुणी काही दाखवत नाही.

तोवर जे आहे त्यावर भागवायचं. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे अंक नेटवर फुकट वाचता येतात. विज्ञानकथेची गोडी लागलेल्या मुलाला मी नारळीकरांच्या 'यक्षांची देणगी'कडे पाठवते. १९७४ च्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारळीकरांनी आपली पहिली कथा 'नारायण विनायक जगताप' या खोट्या नावाने पाठवली होती, जयंत विष्णू नारळीकर या नावाची आद्याक्षरं उलटी करून. ही हकीकत सांगितली की मुलं पुस्तक लगेच मागतात. गुप्त नाव घेणारा माणूस त्यांना ओळखीचा असतो.

वर्गातल्या पेटीत आत्ता सव्वीस अंक आहेत, मराठी, हिंदी, थोडे इंग्रजी. सगळ्यात जास्त फिरलेला अंक इंद्रजालचा आहे, मामूंच्या गठ्ठ्यातला. त्याची पहिली चार पानं नाहीत. मुलांनी ती वहीत लिहून काढली आहेत, तिघांनी तीन तऱ्हेने. त्यातलं एक उर्दूत आहे, चौकटी उजवीकडून आखलेल्या.