व्यायामशाळा म्हणजे घर नव्हे

ग्वाल्हेरच्या क्रीडावर्तुळात एक ज्येष्ठ गृहस्थ सध्या हिरिरीने एक मत मांडत आहेत. मुलांच्या सुरक्षिततेचे नियम, तक्रार समिती, प्रशिक्षकांची पोलीस पडताळणी ही सगळी मोठ्या शहरांची थेरं आहेत, असं ते म्हणतात. आपल्या व्यायामशाळा आणि क्लब म्हणजे एक कुटुंब. प्रशिक्षक गुरूच्या जागी, आणि गुरूवर संशय घेतला की विद्या संपली. काही घडलंच तर चार वडीलधारी माणसं बसून मिटवतील, कागदपत्रं कशाला? शिवाय हात न लावता मल्लखांब शिकवणार कसा?

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण त्यात थोडं तथ्य आहे. साधी अढी शिकणारं पोर पहिल्यांदा खांबावर उलटं होतं तेव्हा त्याच्या कमरेला हात द्यावाच लागतो. तेलाने खांब निसरडा झालेला असतो आणि पोराला वर-खाली कळेनासं होतं. तो हात दहा जणांसमोर, गादीशेजारी, ‘कंबर धरतोय’ असं सांगून दिला जातो. कोणता नियम त्याला मनाई करतो? नियम आहे तो सराव संपल्यावर दार लावून एकट्या मुलाला ‘मालीश’साठी थांबवण्याविरुद्ध. या दोन गोष्टींतला फरक ज्याला कळत नाही, त्याने मुलांना शिकवूच नये.

आता कुटुंबाचं. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये बालशोषणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. 13 राज्यांतल्या 12 हजारांहून अधिक मुलांशी बोलून तो केला होता. निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचं लैंगिक शोषण सोसल्याचं सांगितलं, आणि शोषण करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे ओळखीचे किंवा विश्वासाच्या जागी असलेले होते. म्हणजे ‘आपलाच माणूस आहे’ हे आश्वासन नव्हे, धोका नेमका तिथेच आहे. म्हणूनच मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा 2012 चा पॉक्सो कायदा विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या जागी बसलेल्याचा गुन्हा अधिक गंभीर मानतो.

आणि कुटुंबात तक्रार कुणाकडे करायची? पंचकुल्यात 1990 च्या ऑगस्टमध्ये 14 वर्षांच्या एका टेनिसपटू मुलीचा विनयभंग झाला. करणारा टेनिस संघटनेचा अध्यक्ष होता आणि वरिष्ठ पोलीस अधिकारीही. वडीलधारा म्हणतात तो हाच! मुलीने तोंड उघडलं. पुढे तिचं शाळेतून नाव कमी झालं, भावावर गाडीचोरीचे गुन्हे लागले, आणि 1993 च्या डिसेंबरमध्ये तिने जीव दिला. अध्यक्ष दोषी ठरला 2009 च्या डिसेंबरमध्ये, म्हणजे 19 वर्षांनी, आणि शिक्षा झाली सहा महिन्यांची. पुढे अपिलात ती वाढली, पण सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये दोष कायम ठेवून भोगलेल्या दिवसांवरच भागवलं. चार माणसं बसून मिटवतील म्हणणाऱ्यांनी सांगावं, त्या चारांतलाच एक आरोपी असेल तर उरलेले तिघे काय करतील? 2023 मध्ये देशासाठी पदकं आणलेल्या कुस्तीपटू मुलींना लैंगिक छळाविरुद्ध दिल्लीत जंतरमंतरवर धरणं धरून बसावं लागलं, तेही घरात दाद लागली नाही म्हणूनच.

‘मिटवणं’ हा तर सरळ गुन्हा आहे. पॉक्सोच्या कलम 19 प्रमाणे मुलावरच्या अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना द्यायची असते. हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने दडवला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

गुरूंवर संशय? मुलांना शिकवणाऱ्या सज्जन माणसाला पडताळणीचा एक कागद जड का व्हावा?

राहिलं मोठ्या शहरांचं. ग्वाल्हेरमध्येच कंपूच्या मैदानावर 2006 पासून राज्याची महिला हॉकी अकादमी चालते. परप्रांतांतून आलेल्या पोरी इथे वसतिगृहात राहतात. 1957 पासून शारीरिक शिक्षणाची राष्ट्रीय संस्था याच गावात आहे. आणखी किती मोठं शहर व्हायचं? कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने क्रीडासंस्था, स्टेडियम आणि सरावाची मैदानं ‘कामाची जागा’ म्हणून स्पष्ट नोंदवली आहेत. त्यातून ग्वाल्हेर वगळलेलं नाही.

नियम नकोत म्हणणारी हीच मंडळी एके काळी सांगत, सरावात पाणी प्यायलं की दम मोडतो. मेच्या उन्हात, पारा 45 च्या आसपास असताना, मुलांना घोटभर पाण्यासाठी तिष्ठत ठेवायचे आणि त्याला शिस्त म्हणायचे. तेव्हाही युक्तिवाद हाच होता: आम्ही असेच घडलो. जे घडले नाहीत, मैदान सोडून गेले, त्यांना कुणी विचारलं?

मला हवं ते फार नाही. तक्रार ऐकायला दोन माणसं, त्यांत एक बाई, आणि शक्यतो कार्यकारिणीबाहेरची. बाहेरगावच्या स्पर्धेला मुलांबरोबर दोन मोठी माणसं. मुली असतील तर एक बाई हवीच. बंद दाराआड एकट्याने शिकवणं नाही. उन्हाळ्यात सराव सातच्या आत संपावा. मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा 1098 हा क्रमांक कपडे बदलण्याच्या खोलीत, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावा. अध्यक्षांच्या तसबिरीखाली लावला तर मूल तिथे उभं राहून तो वाचणार नाही. उन्हाळी शिबिराचे अर्ज निघतील तेव्हा मागची कोरी बाजू या नियमांसाठी वापरा, आणि पालकांच्या सहीआधी प्रशिक्षकाची सही घ्या.