पाळीचा पाहुणा

पर्वतप्रदेशातील सुट्टीत स्थानिक कुटुंबाच्या घरी उतरण्याची पद्धत, जिला आता सर्रास ‘होमस्टे’ म्हटले जाते, शहरी कुटुंबे बहुधा हॉटेलापेक्षा स्वस्त आणि घरगुती सोय म्हणून निवडतात. परंतु जेथे ही पद्धत विचारपूर्वक उभी राहिली, तेथे पाहुण्याच्या सोयीइतकाच गावाच्या जगण्याचा प्रश्नही तिच्या मुळाशी होता. लडाखमधील हेमिस राष्ट्रीय उद्यानातले, सुमारे चार हजार मीटर उंचीवरील रुम्बक हे छोटे गाव त्याचे बोलके उदाहरण आहे.

हे उद्यान 1981 मध्ये स्थापन झाले आणि त्यात शतकानुशतके राहणारी गावे तेथेच राहिली, त्यामुळे हिमबिबट्या आणि मेंढपाळ यांचा शेजार पुढेही अटळ ठरला. मेंढ्या-बकऱ्या कोंडण्याच्या उघड्या वाडग्यात हिमबिबट्या शिरला, तर घाबरून सैरावैरा धावणारी कित्येक जनावरे तो एका रात्रीत मारतो, आणि ज्या घराची सारी पुंजी त्या कळपात असते, त्या घराला हे प्राणी-वैभव डोळ्यांसमोर नकोसे होते. या वैरावर दोन उपाय एकत्र योजले गेले: वाडग्यांवर जाळीचे छप्पर घालून ती बंदिस्त करणे, आणि 2002 च्या सुमारास स्नो लेपर्ड कन्झर्व्हन्सी या संस्थेच्या पुढाकाराने व युनेस्कोच्या साहाय्याने गावकऱ्यांच्या घरांत पाहुण्यांची व्यवस्था सुरू करणे. ज्या प्राण्यामुळे नुकसान होई, त्याच्याच ओढीने येणारा प्रवासी घराला मिळकत देऊ लागला. पुरुष अनेकदा घोडी घेऊन किंवा नोकरीसाठी बाहेर असल्याने ही मिळकत मुख्यतः घर सांभाळणाऱ्या स्त्रियांच्या हाती आली, आणि तिचा काही भाग गावाच्या सामायिक संवर्धन निधीसाठी राखण्याचा प्रघात पडला.

या व्यवस्थेचा गाभा मात्र पैशापेक्षा पाळीत आहे. लेह परिसरात वर्षाकाठी जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणून बार्लीसारखे पीक बर्फ वितळून पाटांतून येणाऱ्या पाण्यावर पोसावे लागते, आणि ते पाणी कोणाच्या शेताला केव्हा द्यायचे हे गावाने नेमलेला ‘चुरपोन’, म्हणजे पाणी वाटणारा कारभारी, ठरवतो. अनेक गावांत घरोघरीचे कळप एकत्र करून चरायला नेण्याचे कामही आळीपाळीने होते. पाहुण्यांची वाटणी याच जुन्या रीतीवर बसवली गेली: दर सर्वांचा एक, आणि आलेला प्रवासी ज्या घराची पाळी असेल त्या घरी जाणार. यामुळे वाटेवर गिऱ्हाईक ओढण्याची चढाओढ टळते, मोठ्या घराबरोबर लहान घरालाही वाटा मिळतो, आणि शेजाऱ्यांमधला सलोखा पर्यटनाच्या लोंढ्यातही टिकण्याची शक्यता राहते.

पाहुण्या कुटुंबाला या शिस्तीचा प्रत्यय स्वयंपाकघरात येतो, कारण लडाखी घरातले स्वयंपाकघर हीच बैठकीची आणि हिवाळ्यात सर्वांनी ऊब धरून राहण्याची खोली असते. मधोमध चूल, भिंतीवरील फळ्यांवर हारीने मांडलेली तांब्या-पितळेची भांडी, आणि कडेने अंथरलेल्या बैठकांसमोर ठेंगणी मेजे अशी तिची रचना असते. तेथे आंबवलेल्या गव्हाच्या पिठाची जाड रोटी, म्हणजे ‘खंबीर’, कणकेचे छोटे तुकडे अंगठ्याने दाबून कंदमुळांबरोबर शिजवलेला ‘स्क्यू’, आणि लोणी व मीठ घालून घुसळलेला ‘गुरगुर’ चहा वाढला जातो. महाराष्ट्रातून निघणाऱ्या अनेक सहलींत आचारी बरोबर नेऊन वरण-भाताची सोय केली जाते. पथ्यपाणी सांभाळणाऱ्या वृद्धांसाठी ती समजण्यासारखी असली, तरी यजमानीण जे रांधते ते घरच्यांच्या पंगतीत बसून खाणे हाच अशा मुक्कामाचा मुख्य लाभ आहे, आणि मुले तो मोठ्यांपेक्षा लवकर घेतात.

पाण्याविषयीची शिस्त याहून कडक आहे. पारंपरिक लडाखी घरात कोरडा संडास असतो. वरच्या मजल्यावरील भोकातून मैला खाली पडतो, त्यावर माती व राख लोटली जाते, आणि कालांतराने तयार झालेले खत शेतात जाते. ज्या मातीत सेंद्रिय अंश अत्यल्प आणि पाणी मोजके, तेथे ही रचना शेतीचेच एक अंग आहे. पाहुण्यांच्या आग्रहाखातर तेथे फ्लशचा संडास आणि दिवसभर गरम पाणी आले, तर पाटाचे पाणी घटते आणि खतही हातचे जाते. म्हणजे ज्या गावपणासाठी कुटुंब एवढ्या दूर येते, त्याचाच पाया ते आपल्या सवयींनी पोखरते.

म्हणून अशा सुट्टीची तयारी सामानाइतकीच मनाचीही असावी लागते. साडेतीन हजार मीटर उंचीवरील लेहमध्ये निदान दोन दिवस विसावून विरळ हवेची सवय करणे, हृदयाचा किंवा श्वसनाचा विकार असलेल्यांनी आधी वैद्यकीय सल्ला घेणे, आणि लहान मुलाला डोकेदुखी वा उलट्या सुरू झाल्यास अधिक उंची न गाठणे हे तर अत्यावश्यकच आहे. त्यापलीकडे घर निवडताना काही प्रश्न विचारले पाहिजेत: घराचा मालक त्याच घरात राहतो का, पाहुण्यांची पाळी आणि दर गाव ठरवते की बाहेरचा दलाल, आणि दिलेल्या पैशातले गावात किती उरते. कोकणात घरगुती राहण्या-जेवणाची सोय शोधणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हे प्रश्न तितकेच लागू पडतात. त्यांची उत्तरे समाधानकारक असतील, तेथे ठरल्या दरात घासाघीस न करता आणि आपल्या वाट्याला आलेले घर आनंदाने स्वीकारून राहणे, हे पाहुण्याचे पहिले कर्तव्य होय. कारण पाळी मोडणारा पाहुणा एका घराचा फायदा करतो आणि साऱ्या गावाचे नुकसान.