गुन्हा कबूल केला, पुढे काय?



बांधाच्या भांडणात कुऱ्हाड चालते आणि घरचा कर्ता गजाआड जातो. 'कबूल कर, शिक्षा कमी होईल,' हा पारावरचा सल्ला ऐकून तो कोर्टात कबुली देतो. मग 'मी गुन्हा केलाच नाही,' असे अपिलात सहसा म्हणता येत नाही. मात्र शिक्षा फार झाली किंवा कायद्याला धरून नाही, एवढ्यापुरते अपील चालते.

सत्र न्यायालयाच्या शिक्षेवर मुदत ६० दिवसांची. नातेपुते भागातील लोकांना त्यासाठी आता मुंबई गाठायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्ह्यासाठी उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात आहे. कैद्याला सरकारी खर्चाने वकील मिळतो, अपील तुरुंगातूनही धाडता येते. तेव्हा जमीन गहाण टाकण्याची घाई नको. आणि कबुलीआधी पाराला नव्हे, वकिलाला विचारा.